मडगार्ड नसलेली हॉट रॉड कायद्यात कशी बसवायची

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून, दमदार इंजिन टाकून पळवायला बनवलेली गाडी. फोर्डची मॉडेल ए किंवा १९३२ ची फोर्ड घेतली, मडगार्ड उतरवले आणि पुढची चाकं उघडी पडली की गाडी भन्नाट दिसते यात वादच नाही. पण हे मुळात दिसण्यासाठी नव्हतंच. कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तलावांवर पोरं वेळ मोजून गाड्या पळवायची, १९३७ मध्ये त्यांची एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) नावाची संघटना पण झाली, आणि वजन नि हवेचा अडथळा कमी करायला मडगार्ड, हेडलाइट, काच जे निघेल ते तिथेच काढून ठेवायची, पळवून झालं की परत लावून घरी. हे लक्षात ठेवा, शेवटी आपणही तेच करणार आहोत.

"अमेरिकेत मडगार्डशिवाय चालतं का?" असं विचारलं की एक उत्तर मिळत नाही, कारण रस्त्यावरच्या गाडीला काय हवं ते प्रत्येक स्टेट आपापलं ठरवतं. त्यामुळे शेजारच्या स्टेटमधली गाडी बघून "त्याला तर कोणी अडवत नाही" म्हणत आपली बांधायला घेऊ नका. आपल्या स्टेटच्या व्हेइकल कोडमध्ये (गाड्यांच्या कायद्यात) फेंडर (तिकडे मडगार्डलाच म्हणतात), मडगार्ड, स्प्लॅश एप्रन हे शब्द शोधा आणि ते कलम शब्द न शब्द वाचा, सूट कुठे दिलीय ते तर दोनदा वाचा.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियाचं कलम २७६०० बघा. त्यात फेंडरच पाहिजे असं म्हटलेलंच नाही. फेंडर, कव्हर, फ्लॅप किंवा गाडीची बॉडीच, काहीही चालेल, फक्त मागच्या गाडीवर पाणी-चिखल उडणं नीट कमी झालं पाहिजे आणि ते जे काही लावाल त्याची रुंदी टायरच्या ट्रेडएवढी (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाएवढी) तरी पाहिजे. सूट आहे ती १ जानेवारी १९७१ च्या आधी बनलेल्या आणि आधीच पहिल्यांदा रजिस्टर झालेल्या, रिकामं वजन १५०० पौंडांच्या आत असलेल्या गाड्यांना. आता सगळे उड्या मारतात की माझी गाडी १९३१ ची, मग सुटलो! नाही सुटलात, दोन्ही अटी एकत्र आहेत आणि व्हीएट (आठ सिलिंडरचं) इंजिन टाकलेली मॉडेल ए १५०० पौंडांत बसवणं जवळपास अशक्य आहे. खरंच हलकी गाडी असेल तर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या आणि ती गाडीतच ठेवा, तोंडी वजन कोणी मानत नाही.

वॉशिंग्टन स्टेटचं वेगळं. तिथे ४० वर्षं किंवा जास्त जुन्या गाडीला आणि मुख्यतः हौसेखातर ठेवलेल्या स्ट्रीट रॉडला (रस्त्यावर चालवायच्या हॉट रॉडला) मडगार्ड नसले तरी चालतात, पण हवामान चांगलं असताना आणि चांगल्या पक्क्या रस्त्यावरच. म्हणजे पाऊस सुरू झाला की तुमची सूट पण भिजली. स्ट्रीट रॉड हा शब्दही कुठे दिसला तर त्याची व्याख्या बघा, बहुतेक ठिकाणी ती १९४९ च्या आधीच्या गाड्यांपुरती असते.

मतलब काय, बऱ्याच ठिकाणी कायद्याला तुमच्या लुकशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त टायरवरून मागे उडणारं पाणी अडवायचंय. म्हणून सगळ्यात सरळ उपाय म्हणजे सायकल फेंडर, म्हणजे टायरच्या गोलाईवर बसणारी पत्र्याची अरुंद पट्टी, आणि ती अशी बनवायची की चार बोल्टमध्ये निघाली पाहिजे.

आधी टायर ठरवा, मग पत्रा. रुंदी ट्रेडची मोजायची, साइडवॉलची नाही, आणि हवा भरून गाडी जमिनीवर उभी असताना मोजायची. मागे दहा इंची रुंद टायर घातला की दहा इंची पत्रा आलाच, तो दिसतो बादलीसारखा, त्यापेक्षा जुन्या पद्धतीचे अरुंद टायर घ्या, गाडी पण जास्त खरी वाटते (हे माझं मत, भांडू नका).

पुढचा मडगार्ड चासीला लावायचा नाही, तो चाकाबरोबर वळला पाहिजे. ड्रम ब्रेक असतील तर ब्रॅकेट बॅकिंग प्लेटच्या (ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या ताटलीच्या) बोल्टवर येतं. डिस्क लावली असेल तर बॅकिंग प्लेटच नसते, मग कॅलिपरचं ब्रॅकेट ज्या बोल्टवर बसतं तेच पकडावे लागतात, पण पट्टीच्या जाडीमुळे जुना बोल्ट आखूड पडतो, तिथे त्याच ग्रेडचा लांब बोल्ट टाकायचा, डब्यात सापडेल तो नाही, ब्रेक आहे तो. असं लावल्याचा फायदा म्हणजे चाक वर-खाली झालं की मडगार्ड पण सोबत जातो आणि टायर-पत्र्यात इंचभर गॅप पुरते. मागे पण अॅक्सलवरूनच पकडा. चासीवरून पकडायचंच असेल तर आधी स्प्रिंग काढून अॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (तो वर जाऊन अडतो त्या ठोकळ्यापर्यंत) उचला आणि टायर कुठवर येतो तिथे खडूने खूण करा, मग पत्रा कापा. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फुल कट मारून बघायला विसरू नका, कडा रेडिएटरच्या बाजूला नाहीतर ब्रेकच्या होजला लागते.

पत्रा किती लांब ठेवायचा हे कॅलिफोर्नियाचं कलम अंशात सांगत नाही. युरोपच्या नियमात चाकाच्या मध्यापासून वर काढलेल्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश झाकायला सांगितलंय, अमेरिकेत तो लागू नाही, पण मी तोच धरला आणि मागे अजून थोडा खाली आणला कारण पाणी तिथूनच सुटतं. मग रस्त्यावर पाणी मारून त्यावरून गाडी नेली आणि मित्राला त्याच्या गाडीतून मागे यायला लावलं. पहिल्या फेरीत त्याचे वायपर चालू झाले, पत्रा दोन इंच वाढवला, दुसऱ्या फेरीत नाही लागले. झालं टेस्टिंग.

एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या ब्रॅकेटला मी एकच पट्टी दिली होती, दिसायला सुबक. काही दिवसांनी वेल्डच्या अगदी कडेला केसाएवढी भेग पडली, मडगार्ड पुढे झुकला आणि टायरवर घासायला लागला, जळक्या रबराचा वास आला म्हणून थांबलो, नाहीतर तो चाकात गेला असता. आता पुढे एक आणि मागे एक असे दोन पाइपचे स्टे (आधाराचे दांडे), पत्र्याच्या नि ब्रॅकेटच्या मध्ये रबरी वायसर आणि पत्र्याच्या कडेत तार घालून दुमडलेली. ते वायसर लावले तेव्हापासून पेंटला तडे पण नाहीत.

मडगार्डबरोबर अजून काय काय जातं हे लोकांच्या लक्षात येत नाही. मॉडेल ए मध्ये हेडलाइटचा दांडा दोन मडगार्डच्या मध्ये असतो आणि मागचा दिवा नि नंबर प्लेट डाव्या मडगार्डवर. ते सगळं आता चासीवर किंवा बॉडीवर आणावं लागतं. कॅलिफोर्नियात हेडलाइटची उंची २२ ते ५४ इंचांत हवी, मागची प्लेट १२ ते ६० इंचांत आणि रात्री ५० फुटांवरून वाचता आली पाहिजे. गाडी खूप खाली केली असेल तर पहिल्यांदा इथेच अडकता. इंडिकेटर जुन्या गाडीला सक्तीचे नसले तरी लावाच, हात बाहेर काढून वळणारा माणूस आजच्या पोरांना कळत नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मॉडेलपासून दिले, त्याआधीचे रॉडवाले ब्रेक व्हीएटसोबत ठेवू नका, २० मैलांच्या वेगावरून २५ फुटांत गाडी उभी राहिली पाहिजे. सायलेन्सर हवाच.

कागदपत्रांचं काम खरं तर पत्र्याच्या आधीचं. ओरिजिनल चासी, त्यावरचा नंबर आणि त्याच नंबरचं टायटल (मालकीचा कागद) असेल तर गाडी तिच्या वर्षाची. फायबरची नवी बॉडी आणि नवी चासी घेऊन "१९३२ फोर्ड" म्हणून रजिस्टर करू नका, तो सरळ खोटेपणा होतो आणि गाडी विकतानाही अडचण येते. ती स्पेशली कन्स्ट्रक्टेड (स्वतः बांधलेली) म्हणून नोंदवायची, आणि त्यासाठी इंजिन, गिअरबॉक्स, चासी, बॉडी सगळ्याच्या पावत्या लागतात. कॅलिफोर्नियात एसबी १०० या कायद्याखाली वर्षाला अशा पहिल्या ५०० गाड्यांनाच स्मॉगसाठी (धुराच्या तपासणीसाठी) इंजिनचं किंवा बॉडी ज्या वर्षासारखी दिसते ते वर्ष धरता येतं, त्यामुळे जानेवारीत रजिस्ट्रेशनचं ऑफिस उघडताच तिथे उभं राहायचं, फेब्रुवारीत बघू असं चालत नाही.

रस्त्यावर निघताना कलमाची प्रिंट, वजनाची पावती असेल तर ती, आणि रजिस्ट्रेशन एका फोल्डरमध्ये. पोलिसाशी वाद घालायचा नाही, कागद पुढे करायचा. कॅलिफोर्नियात अशा गोष्टीला बऱ्याचदा फिक्स-इट तिकीट मिळतं, दुरुस्त करून दाखवलं, सही घेतली, २५ डॉलर भरले की मिटलं. मला एकदा मिळालं तेव्हा मडगार्ड घरी गॅरेजमध्ये लटकत होते. आता ते सीटच्या मागे गोधडीत गुंडाळलेले असतात, पाना पण त्यातच.