रातांबे, कैऱ्या आणि बरणीवरचा दादरा : उन्हाळी बेगमीची पद्धत

कोकणातल्या परसात पीक थोडे थोडे येत नाही. चैत्र सरता सरता कैऱ्या पोसतात, वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, लाल होऊ लागतात, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या चार-पाच आठवड्यांत घरातल्या माणसांना खाता येईल त्याच्या कितीतरी पट माल अंगणात येऊन पडतो. पुढच्या चार महिन्यांत हवेत इतका ओलावा असतो की नीट न वाळवलेली कोणतीही वस्तू बुरशीच्या तावडीतून सुटत नाही. त्यामुळे बेगमीचे सगळे काम त्या कडक उन्हाच्या दिवसांतच उरकावे लागते. ते कसे करावे, आणि शेवटी बरण्यांच्या तोंडाला बांधायचे दादरे घरच्याच सालींनी कसे रंगवावेत, हे येथे क्रमाने दिले आहे.

कृतीआधी कारण समजून घ्यावे, कारण ते कळले की प्रमाणात कोठे सूट घेता येते आणि कोठे मुळीच घेता येत नाही, हे आपोआप उमगते. पदार्थ नासवणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला मोकळे पाणी लागते. ऊन ते पाणी उडवते, मीठ आणि साखर ते बांधून ठेवतात, तेल हवा अडवते आणि आंबटपणा जंतूंची वाढ रोखतो. कैरी, रातांबा आणि लिंबू ही फळे मुळातच भरपूर आंबट असल्याने घरगुती साठवणीसाठी ती सर्वांत भरवशाची आहेत. भेंडी, गवार, मटार अशा आंबट नसलेल्या भाज्यांचे तसे नाही. त्या पाण्यात उकळून हवाबंद बाटलीत भरून ठेवणे धोक्याचे आहे, कारण बोट्युलिझम हा जीवघेणा विकार घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू 100 अंश सेल्सिअसच्या उकळीला दाद देत नाहीत आणि हवाबंद बाटलीत त्यांना आयतीच अनुकूल जागा मिळते. ते मारण्यासाठी दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. घरी अशा भाज्या एकतर वाळवाव्यात किंवा फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

भांड्यांची तयारी आधी करावी. आंबट आणि खारट पदार्थ तांबे, पितळ व अॅल्युमिनियम या धातूंना खातात, म्हणून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरण्याच वापराव्यात. मुरवण्यापुरते स्टीलचे पातेले चालते. काचेच्या बाटल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटे उकळाव्यात. चिनी मातीच्या बरण्या गरम पाण्याने धुऊन दिवसभर कडक उन्हात उपड्या-उताण्या फिरवून तापवाव्यात. बरणीच्या गळ्याजवळ आतून बोट फिरवून पाहावे, कारण पाण्याचा थेंब नेमका तेथेच लपून राहतो.

सर्वांत जास्त वेळ आणि लक्ष मागणारे काम आमसुलांचे. पूर्ण पिकलेले, गडद लाल पण टणक रातांबे घ्यावेत. भुईवर पडून फुटलेले वेगळे काढावेत. धुऊन, पुसून फळाचे दोन भाग करावेत आणि गरासकट बिया एका पातेल्यात, साली दुसऱ्या पातेल्यात घ्याव्यात. सालींच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके खडे मीठ बियांच्या गरात कालवून ठेवले की काही तासांत त्याला भरपूर रस सुटतो. त्या रसात साली बुडवून रात्रभर ठेवाव्यात, सकाळी निथळून स्वच्छ कापडावर आतली बाजू वर करून एकेक सुटी पसरावी, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात घालावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकावी. यालाच पूट देणे म्हणतात. जुनी माणसे सात पुटे सांगतात. ऊन कडक असेल आणि रस लवकर आटला तर चार-पाच पुटांतही चांगले आमसूल होते, पण एक-दोन पुटांवर थांबले तर साल नुसतीच वाळते आणि आमटीत तिचा आंबटपणा उतरत नाही. शेवटच्या पुटानंतर दोन-तीन दिवस सलग वाळवावे. तयार आमसूल दुमडल्यावर चामड्यासारखे वाकते, मोडत नाही, आणि चिमटीत दाबल्यावर बोटाला रस लागत नाही. बोट ओले झाले तर आणखी एक दिवस ऊन द्यावे, घाई करू नये. उरलेल्या बिया धुऊन वाळवल्या की त्यांपासून मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, काढता येते. टाचांच्या भेगांवर त्याच्याइतके चांगले काही नाही, असे माझे ठाम मत आहे.

अडचण अशी की सगळे रातांबे वेळेवर पिकत नाहीत. बऱ्याच झाडांवरचा निम्मा माल पहिल्या पावसात सापडतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारख्या जाती दिल्या आहेत, आणि नवी लागवड करणाऱ्याने कलमेच लावावीत हे उत्तम, कारण कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेले झाड नर निघाले तर सहा-सात वर्षांची वाट पाहणे फुकट जाते. हातात असलेल्या उशिराच्या फळांचे मात्र आगळ, म्हणजे खारवलेला रस, करावे, कारण त्याला ऊन लागत नाही. एक किलो फोडलेल्या फळांना 160 ग्रॅमच्या आसपास मीठ घेऊन बरणीत फळांचा एक थर, मिठाचा एक थर असे भरत जावे आणि आठवडाभर रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळावे. नंतर गाळून बाटल्यांत भरावे. हे गडद लाल आगळ वर्षभर टिकते आणि सोलकढीला आमसुलापेक्षा अधिक चांगला रंग देते. आगळ खारट असते, हे ध्यानात ठेवून कढीत वेगळे मीठ शेवटी, चव घेऊनच घालावे.

कैरीच्या लोणच्यासाठी करकरीत, आंबट, बाठा धरलेल्या कैऱ्या निवडाव्यात. एक किलो फोडींना 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 75 ते 100 ग्रॅम तिखट, दोन मोठे चमचे हळद, तळून कुटलेली एक मोठा चमचा मेथी, हिंग आणि 300 ग्रॅम तेल हे प्रमाण चांगले जमते. कैऱ्या धुऊन, पुसून, फोडी करून कापडावर दोन तास सावलीत पसराव्यात. मीठ लोखंडी तव्यावर परतून कोरडे करून घ्यावे. तेलाची फोडणी पूर्ण थंड झाल्याशिवाय घालू नये, कारण गरम तेलाने मोहरी कडवट होते आणि फोडी मऊ पडतात. चार-पाच दिवसांनी लोणचे दबले की वर बोटाच्या एका पेराइतके तेल तरंगायला हवे. तेवढे नसेल तर आणखी तेल तापवून, थंड करून ओतावे. फोड तेलाबाहेर राहिली की बुरशी तेथूनच सुरू होते, आणि बुरशी दिसली तर वरचा भाग काढून खालचे खाण्याचा मोह टाळून सगळे टाकून द्यावे. लोणच्याच्या आंबट रसात मुरलेली लसूण ठीक आहे, पण नुसत्या तेलात बुडवलेली कच्ची लसूण बाहेर ठेवणे वर सांगितलेल्या बोट्युलिझमच्याच कारणाने टाळावे.

आंबोशीचे काम त्या मानाने सोपे आहे. कैरीची साल काढून लांब फोडी कराव्यात, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवाव्यात आणि कडकडीत वाळेपर्यंत चार-पाच दिवस ऊन द्यावे. सांडगी मिरचीसाठी कमी तिखट, जाड सालीची मिरची उभी चिरून तीत भरडलेली मेथी, धने, हिंग, हळद आणि मीठ भरावे. ती आंबट ताकात रात्रभर भिजवून दिवसा वाळवावी आणि ताक संपेपर्यंत हे चालू ठेवावे. परदेशात किंवा पुरेसे ऊन न येणाऱ्या सदनिकेत राहणाऱ्यांनी ओव्हन अथवा वाळवणयंत्र 60 अंशांच्या आसपास ठेवून हीच कामे करावीत. त्याहून जास्त उष्णतेने फोडी वरून कडक होतात आणि आत ओल्या राहतात.

आता दादऱ्यांकडे वळू. यासाठी जुने, धुऊन मऊ झालेले मांजरपाट सर्वांत चांगले. कापडाचे कोरडे वजन करून ठेवावे, कारण पुढची सगळी प्रमाणे त्यावर अवलंबून आहेत. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात कापड अर्धा तास उकळावे, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघून जातो. रंगासाठी घरात वर्षभर वाळवून जमवलेल्या डाळिंबाच्या साली घ्याव्यात. रातांब्याचा लाल रंग पाहून त्यातच कापड बुडवण्याची इच्छा होते, पण तो रंग टिकत नाही. साबण लागताच काळपट होतो आणि उन्हात उडून जातो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि ते सुताला घट्ट धरते. 100 ग्रॅम कापडाला तेवढ्याच वजनाच्या साली चुरून रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी तासभर मंद उकळून गाळाव्यात आणि त्या पाण्यात भिजवलेले कापड पाऊण तास मंद आचेवर हलवत राहून तेथेच निवू द्यावे. पिळून सावलीत वाळवावे. नंतर 15 ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड काही तास बुडवले की मळकट पिवळा रंग उजळून स्वच्छ, पिकल्या केळीच्या सालीकडे झुकणारा पिवळा होतो. रंगकामाचे पातेले यापुढे स्वयंपाकाला वापरू नये.

याच पिवळ्या कापडावर काळी नक्षी उमटवता येते, आणि मुलांना या कामात सर्वांत जास्त गोडी वाटते. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्ती आणि मछलीपट्टणमचे कलमकारी (कापडावरच्या पारंपरिक नक्षीचे) कारागीर काळ्या रेघांसाठी लोखंड आणि गुळाचे आंबवलेले पाणी वापरतात. तेच घरी करता येते. पाव किलो गंजके खिळे, 100 ग्रॅम गूळ आणि एक लीटर पाणी मडक्यात घालून तोंडाला कापड बांधावे. आत वायू तयार होत असल्याने घट्ट झाकण मुळीच लावू नये. साधारण पंधरा दिवसांत पाणी करडे-काळे होते. ते गाळून चिंचोक्याच्या पिठाच्या खळीत दाट करावे. जून भेंडी देठाकडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचा तयार ठसा मिळतो. कापलेली बाजू कोरड्या फडक्यावर टिपून खळीत हलकेच टेकवावी आणि कापडावर एकदाच, न घसटता दाबावी. ठसा आधी फिकट राखी दिसतो. मग डोळ्यांदेखत, हवा लागताच, टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने तो गडद होत जातो. खळ फार तीव्र ठेवू नये आणि ठशांचे थर चढवू नयेत, कारण लोखंडाचे प्रमाण वाढले की सूत त्या जागी कमजोर होऊन काही वर्षांत फाटते. एक दिवस वाळल्यावर कापड वाहत्या पाण्यात खळबळावे. पहिल्या धुण्यात थोडा काळा रंग सुटतो, तो सुटू द्यावा.

हा रंगीत दादरा पदार्थाला लागू देऊ नये. बरणीच्या तोंडावर आधी धुतलेल्या पांढऱ्या कापडाची दुहेरी घडी, त्यावर बरणीचे झाकण आणि सर्वांत वर दादरा घालून सुती दोरीने गळ्याशी घट्ट बांधावा. बरणीत काय आहे आणि ती कोणत्या महिन्यात भरली, हे चिठ्ठीवर लिहून दोरीत अडकवावे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पांढरे कापड बदलावे आणि दादरा मळला तर सोड्याच्या साबणाऐवजी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा.