झिओलाइट आधी नुसत्या पाण्यात शिजवून बघा

काजूच्या बोंडांच्या रसातली साखर झिओलाइटवर (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची सूक्ष्म छिद्रांची जाळी असलेली पावडर) तापवून एचएमएफ हे साखरेपासून मिळणारं रसायन करायचं डोक्यात असेल, तर रस तूर्त फ्रीजमध्ये राहू द्या. आधी झिओलाइट नुसत्या पाण्यात शिजवा. चिपळूण-खेडकडची एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टला येतात तेव्हा मी हेच सांगते, आणि ठरलेलं उत्तर येतं: "मॅडम, हा साडेपाचशेला टिकतो, दोनशेला काय होणार?"

होतं. कोरड्या हवेतले साडेपाचशे अंश आणि पाण्यातले दोनशे या दोन वेगळ्या परीक्षा. वाफेत मुख्यतः जाळीतलं ॲल्युमिनियम सुटतं, म्हणून ॲल्युमिनियम कमी असलेला वाय जातीचा झिओलाइट वाफेला जास्त टिकतो. द्रवरूप गरम पाणी मात्र सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हे बंधच तोडतं. जॉर्जिया टेकच्या गटाने 2010 मध्ये 150 आणि 200 अंशांच्या पाण्यात हे तपासलं. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर 14 किंवा त्याहून जास्त असलेला वाय काही तासांत ढासळला, झेडएसएम-5 ही दुसरी जात तशीच राहिली. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यातून पाणी झिरपतं, तसं इथे ते सायलेनॉलच्या, म्हणजे बंध अपुरा राहून सिलिकॉनवर ओएच गट उरलेल्या, दोषांतून आत घुसतं. दोष जितके कमी तितका झिओलाइट चिवट.

आता कामाला लागू. अमोनियम रूपातला झिओलाइट पसरट बशीत पातळ थर करून, मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवत 550 पर्यंत भाजा. ढीग करून भाजला तर आतली वाफ तिथेच कोंडते आणि परीक्षेआधीच ॲल्युमिनियम सुटतं.

वजनाला पावसाळ्यात फार सांभाळावं लागतं. वायसारखा झिओलाइट स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकी ओल धरू शकतो, आणि आमच्याकडे जुलैत तो ती संधी सोडत नाही. थोडा नमुना वेगळा भाजून, डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) गार करून ओल किती ते काढा आणि पुढचे सगळे हिशेब कोरड्या वजनावर करा.

पाणी डीआयचंच, म्हणजे क्षार काढलेलं. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यातलं सोडियम आणि कॅल्शियम झिओलाइटच्या आम्ल-जागांवर, जिथे साखरेची प्रक्रिया घडते तिथेच, बसतं. मग जाळी धड राहूनही कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून तो निकामीच.

पन्नास मिलीच्या टेफ्लॉन लायनरमध्ये अर्धा ग्रॅम झिओलाइट आणि तीस मिली पाणी, त्याहून जास्त नको. पाणी तापलं की फुगतं, आणि 200 अंशांला आतला दाब सुमारे साडेपंधरा बार होतो. ऑटोक्लेव्हची (लायनर ज्यात बसतो त्या स्टीलच्या बंद भांड्याची) कमाल मर्यादा उत्पादकाच्या कागदावर वाचा, ओव्हनच्या डायलवर भरवसा ठेवू नका. हे 200 अंशांना सहा तास शिजवायचं. जाड स्टीलच्या आत पाणी तापायला बराच वेळ जातो, म्हणून हे तास ओव्हन 200 ला पोचल्यापासून मोजू नका, आतलं पाणी तापल्यापासून मोजा. वीज गेली तर ती वेळ वहीत लिहा. जूनमध्ये ती जाणारच. बाहेर काढल्यावर आपोआप गार होऊ द्या, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

सोबत दोन नमुने हवेतच: एक तोच झिओलाइट न तापवलेल्या डीआय पाण्यात तितकाच वेळ भिजवलेला, दुसरा झिओलाइटशिवाय नुसतं पाणी तापवलेलं.

गाळलेलं पाणी फेकू नका! बहुतेकजण फक्त पावडरीचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक-रचनेची तपासणी) काढतात. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काच स्वतःच सिलिका सोडते. आयसीपी (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) जवळ नसेल तर अमोनियम मॉलिब्डेट आणि आम्ल घालून पिवळा रंग आणा, 410 नॅनोमीटरला मोजा, सिलिकाचा अंदाज मिळतो. पीएच सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा बघा.

सिलिकाचा हा आकडा वाचताना एक सावधगिरी. 200 अंशांच्या पाण्यात अस्फटिक सिलिका लिटरमागे साधारण नऊशे मिलिग्रॅम विरघळते. तीस मिलीत ते सत्तावीस मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचे पाचेक टक्के. बंद भांड्यात पाणी तृप्त झालं की विरघळणं थांबतं आणि झिओलाइट उगाच चिवट दिसतो. वाहत्या पाण्याच्या रिॲक्टरमध्ये ते थांबत नाही. शिवाय आत सिलिका न सुटताही जाळी जागच्या जागी मोडू शकते, म्हणून एक्सआरडीसोबत नायट्रोजन शोषणाने सूक्ष्मछिद्रांचं आकारमानही काढा. झेडएसएम-5 मध्ये ते ग्रॅमला 0.17 घन सेंटिमीटरच्या आसपास असतं. एक्सआरडीआधी शिजवलेला आणि नुसता भिजवलेला असे दोन्ही नमुने मिठाच्या संतृप्त द्रावणावर एकाच डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा, नाहीतर ओलीचा फरक वायच्या कमी कोनाच्या शिखरात दिसतो आणि तुम्ही त्याचा दोष जाळी मोडण्यावर ढकलता.

यात झिओलाइट पास झाला तरच रस फ्रीजमधून काढा. रसात पोटॅशियम आणि सेंद्रिय आम्लं असतात: पोटॅशियम जागा अडवतं, आम्लं ॲल्युमिनियम ओढतात. म्हणून दुसरी परीक्षा साखरेशिवाय, तेवढ्याच पोटॅशियमच्या आणि मॅलिक आम्लाच्या पाण्यात घ्या.