जोडून केलेला बोअर मॉडेलमध्ये कसा बसवला

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये गिअरबॉक्सचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, दोन भागांत बनतं. बेअरिंग बसतं तो ९० एच७ बोअर (९० मिमीचं गोल भोक; एच७ म्हणजे मापाला किती सूट ते) दोन्ही भाग डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) घालून, बोल्टने आवळल्यावरच फिनिश करायचा असतो. मी मात्र सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक पार्टमध्ये अर्धा अर्धा, पूर्ण मापाचा काढला होता. ड्रॉइंगप्रमाणे भाग सुटे मशीन झाले आणि जोडल्यावर पार्टिंग लाइनवर (दोन भाग मिळतात त्या रेषेवर) नखाला पायरी लागली. एच७ला सूट सगळी मिळून ३५ मायक्रॉनची. जॉब गेला, फार वाईट वाटलं.

आता पार्टमध्ये बोअर ८४चाच ठेवतो आणि असेंब्लीत, म्हणजे भाग जोडलेल्या मॉडेलमध्ये, असेंब्ली फीचरमधला कट घेऊन ९० करतो. 'प्रोपगेट फीचर टू पार्ट्स'ची टिक काढायची, म्हणजे पार्टची फाइल आणि तिचं ड्रॉइंग ८४चंच राहतं. फीचर स्कोपमध्ये (कट कोणत्या भागांना लागू ते ठरतं तिथे) फक्त हाउसिंगचे दोन भाग निवडा. ऑटो ठेवलंत तर आतला शाफ्टही कापला जातो.

त्याहून बरं म्हणजे हाउसिंगची वेगळी सब-असेंब्ली करून कट तिथेच द्या, शाफ्ट-बेअरिंग वरच्या असेंब्लीत बसवा. फिनिश माप फक्त सब-असेंब्लीच्या ड्रॉइंगवर, 'जोडून बोअर करणे' ही टीप घालून. आणि दोन्ही भागांवर एकच जोडी नंबर पंच करायला सांगा.