हॅस्केलमध्ये पायऱ्या मोजताना या चुका टाळा

कोकणात कितीतरी देवळांना जांभ्याच्या पायऱ्या आहेत. समजा त्या 30 आहेत आणि एका वेळी एक किंवा दोन चढायच्या. वर पोचण्याच्या रीती किती? जैन पंडित हेमचंद्रांनी 12व्या शतकात लघु-गुरूंच्या मात्रांसाठी हीच मोजणी मांडली होती. हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला याहून चांगलं गणित क्वचितच सापडेल.

बहुतेक जण व्याख्या जशीच्या तशी उतरवतात: 30 च्या रीती म्हणजे 29 च्या अधिक 28 च्या, शून्याला आणि एकाला 1. उत्तर 13,46,269 येतं, बरोबरही असतं. पण त्यासाठी फंक्शन 26,92,537 वेळा चालतं, कारण 28 चा हिशेब दोनदा, 27 चा तीनदा, 26 चा पाचदा होतो. 50 पायऱ्या दिल्यात तर स्क्रीन गप्पच बसते. हॅस्केल आळशी आहे (गरज पडेपर्यंत हिशेब करत नाही), म्हणजे जुनी उत्तरं आपोआप लक्षात ठेवेल, हा गैरसमज इथे नडतो. नाव दिलेली किंमत जपली जाते, फंक्शनचा प्रत्येक कॉल नाही. त्यापेक्षा मदतनीस फंक्शनला शेजारच्या दोन संख्या द्या: 1 आणि 1, मग 1 आणि 2, मग 2 आणि 3. अशा 30 फेऱ्या झाल्या की पहिली संख्या हेच उत्तर.

याहून घातक चूक संख्येच्या प्रकाराची (टाइपची). 'इंट' हा 64 बिटांचा पूर्णांक लिहिलात तर 91 पायऱ्यांपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि 92 ला उत्तर येतं -6246583658587674878. ना एरर, ना इशारा! 64 बिटांत 9223372036854775807 च्या पुढची संख्या मावत नाही, ती उलटून उणे होते. मोजणीच्या गणितात सुरुवातीपासून 'इंटिजर', म्हणजे हवा तेवढा मोठा होणारा पूर्णांकच घ्या.

बेरजेला साधा 'फोल्डएल' (यादीतल्या किमती डावीकडून एकेक करून एकत्र करणारं फंक्शन) वापरू नका. 1 ते 1 कोटींची बेरीज जीएचसीआयमध्ये (हॅस्केलच्या ओळी टाइप करून लगेच चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) करून बघा: न केलेल्या बेरजांची चळत साचते आणि मेमरी चढत जाते. 'डेटा.लिस्ट' या तयार मॉड्यूलमधला, नावाच्या शेवटी एकेरी अवतरणचिन्ह असलेला फोल्डएल प्रत्येक टप्प्याला बेरीज उरकतो.

पायऱ्यांची ही उत्तरं, 1, 2, 3, 5, 8, म्हणजेच फिबोनाची संख्या. 40 लाखांखालच्या सम फिबोनाची संख्यांची बेरीज 46,13,732. या संख्यांच्या अनंत यादीवर मर्यादेसाठी 'फिल्टर' (अटीत बसणाऱ्या संख्या निवडणारं फंक्शन) लावलात तर ती कधीच मिळणार नाही, कारण यादी चढती आहे हे फिल्टरला ठाऊक नसतं आणि तो पुढे शोधतच राहतो. मर्यादेला 'टेकव्हाइल' (अट मोडताच थांबणारं फंक्शन), समसंख्यांना फिल्टर. प्रोग्रॅम अडकलाच तर कंट्रोल-सी दाबून थांबवा.

मोठा आकडा देण्याआधी 4 पायऱ्यांच्या 5 आणि 5 पायऱ्यांच्या 8 रीती वहीवर मांडून प्रोग्रॅमशी ताडून घ्या.