फॉरेनला जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्स कसा पाहून घ्यायचा

संत्र्याचे पैसे हाती आले की थायलंड-दुबईची टूर, पोरगी जर्मनीत असली की तिच्याकडे दोन महिने, बौद्ध मंडळींच्या श्रीलंका-थायलंडच्या धम्मयात्रा, आमच्या मोर्शी-वरुडकडून बाहेरदेशी जाणारे लोक आता काही कमी नाहीत राजेहो. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो, पासपोर्ट-व्हिसाचे कागद माझ्या हातून जातात, त्यामुळे एक गोष्ट रोज दिसते. तिकिटाचा भाव लोक आठ-आठ दिवस पाहतात, कपड्याची बॅग महिनाभर आधी भरून ठेवतात, आणि इन्शुरन्सचं विचारलं की म्हणतात, टूरवाल्यानं काढला असंल. नाहीतर मंग "सगळ्यात सस्ता कोणता तो काढून दे, व्हिसाला लागते म्हणून."

ही पॉलिसी व्हिसाच्या खिडकीसाठी नाही, तिथल्या दवाखान्यासाठी आहे हे आधी डोक्यात घ्या. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला कमीत कमी 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागते, सगळ्या शेंगेन देशात चालणारं आणि राहायचे सगळे दिवस धरणारं. तेवढं दाखवलं की व्हिसावाल्याचं काम झालं, तुमचं झालं असं नाही. दुबई-थायलंडसारख्या टूरला तर बरेचदा कोणी विचारतही नाही म्हणून लोक काढतच नाहीत. आणि इथलं आयुष्मान कार्ड, महात्मा फुले योजना तिकडं चालत नाही, साधी मेडिक्लेमही बहुतेक भारतापुरतीच असते, म्हणजे तिकडं पाय घसरून माकडहाड मोडलं तर बिल खिशातूनच.

रक्कम किती घ्यायची? पॉलिसी डॉलरमध्ये असतात, 50 हजार, 1 लाख, अडीच लाख, 5 लाख अशा. आशियातल्या आठ-दहा दिवसांच्या टूरला तरण्या माणसाला 50 हजार डॉलर चालून जाते. युरोपला मी 1 लाख सांगतो, कारण 50 हजार आणि 1 लाखाच्या प्रीमियममध्ये फरक बरेचदा एका जेवणाएवढाही नसतो. अमेरिका-कॅनडाची गोष्ट वेगळी, तिथला दवाखाना इतका महाग आहे की कंपन्या प्लॅनच दोन ठेवतात, अमेरिका-कॅनडा धरून आणि अमेरिका-कॅनडा सोडून. सोडूनवाला स्वस्त दिसते. पोरगा म्हणाला युरोपातून चार दिवस न्यूयॉर्कलाही जाऊन येऊ, तर हा स्वस्तातला प्लॅन तिथं कामाचा नाही. अमेरिकेला अडीच लाखाच्या खाली जाऊ नये असं माझं मत.

पण रकमेचा मोठा आकडा पाहून खूष होऊ नका, साठीच्या पुढच्या माणसासाठी तर बिलकुलच नाही. बऱ्याच पॉलिसीत 60 वर्षाच्या वर सब-लिमिट लागते. म्हणजे वर लिहिलेलं असते 1 लाख डॉलर, आणि आत एका कोपऱ्यात टेबल असते, त्यात खोलीचं भाडं दिवसाला इतकं, आयसीयू इतकं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरची फी इतकी, भूल देणाऱ्याची इतकी, अ‍ॅम्ब्युलन्स इतकी. समजा खोलीची मर्यादा 1,500 डॉलर आहे आणि दवाखान्यानं 4,000 लावले, तर वरचे अडीच हजार रोजचे तुमचे, मंग पॉलिसी 1 लाखाची असो की 5 लाखाची. आई-वडिलांसाठी पॉलिसी पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा की सब-लिमिट आहे का, आणि "विदाउट सब-लिमिट" वाला प्लॅन मिळत असंल तर थोडा महाग पडला तरी तोच घ्या, रक्कम हवं तर कमी करा. 5 लाख सब-लिमिटवाल्यापेक्षा 1 लाख बिनालिमिटचा बरा. फोनवरची पोरगी "सगळं कव्हर होतं सर" म्हणते, तिला सांगा पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ पाठव. ब्रोशर नाही, पॉलिसी वर्डिंग. ब्रोशरमध्ये विमानाचा फोटो असते, वर्डिंगमध्ये काय मिळणार नाही ते असते.

आता सगळ्यात घोळाची जागा, जुना आजार. फॉर्ममध्ये विचारतात, काही आजार आहे का? मी समोरच्या काकांना विचारतो.

"काका, बीपी-शुगर?"
"नाई बाप्पा, मले काही नाई."
"गोळी कोणती चालू हाय?"
"बीपीची. रोज सकाळी एक."
"मंग बीपी हाय ना काका."
"कुठं हाय? गोळीनं कंट्रोल हाय ना!"

हसू येते, पण याच्यावरच क्लेम जाते. माझ्याकडं कागद घेऊन आलेल्या एका जोडप्याच्या पॉलिसीत एजंटनं आजाराच्या रकान्यात "नाही" टाकलं होतं, काकांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. तिथला डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारते की कोणत्या गोळ्या घेता, आणि तुम्ही सांगितलेलं सगळं केस पेपरवर लिहिल्या जाते. कंपनी तोच पेपर मागवते, कधी इथल्या फॅमिली डॉक्टरची फाइलही मागवते. लपवलेलं निघालं की क्लेम नामंजूर करायला आयतं कारण सापडते. म्हणून बीपी, शुगर, थायरॉइड, स्टेंट, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. आपल्याकडं सिकलसेल असलेली घरं बरीच आहेत, तेही लिहा, विमानाबद्दल आणि उंचावरच्या प्रवासाबद्दल डॉक्टरलाही आधीच विचारा. प्रीमियम वाढंल, एखादी कंपनी नाही म्हणंल, चालते, दुसरी पाहू.

आणि लिहिलं म्हणजे जुना आजार कव्हर झाला असंही नाही हं. बहुतेक साध्या पॉलिसीत जुन्या आजाराला काहीच नसते, किंवा फक्त जीवावर बेतलं तर ठरलेल्या रकमेपर्यंत देतात. ती रक्कम किती आहे ते वर्डिंगमध्ये बोट ठेवून पाहा. अमेरिकेतले पोट्टे आईबापासाठी तिथलीच व्हिजिटर पॉलिसी काढतात, तीही चालते, पण त्यात दोन जाती आहेत, एकीत प्रत्येक उपचाराचे ठरलेले डॉलर मिळतात आणि बाकी आपले, दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह, बिलाच्या टक्क्यानं देणारी. पहिली स्वस्त असते म्हणून पोट्टे तीच घेतात. त्यांना सांगा दुसरी पाहा म्हणून.

डिडक्टिबल नावाचा प्रकार असते, म्हणजे पहिले 50 किंवा 100 डॉलर तुमचे, त्याच्या वरचे कंपनीचे. सर्दी-खोकल्याचा क्लेम त्याच्यातच विरून जाते, त्याचं फार मनावर घेऊ नका.

तारखा नीट टाका. परतीच्या दिवसानंतर दोन-तीन दिवस जास्तीचे घ्या, विमान लटकलं तर कामी येतात. पॉलिसी भारतातून निघायच्या आधीच काढा, तिकडं पोचल्यावर बहुतेक कंपन्या देत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आधारवर वडिलांचं नाव मधात असते आणि पासपोर्टवर नसते असं आपल्याकडं लय होते. नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीला जाऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ही दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि नागपूरचं विमान उशिरा आलं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. पॉलिसीतलं मिस्ड कनेक्शन, म्हणजे पुढचं विमान चुकल्याची भरपाई, इथल्या भारतातल्या टप्प्याला लागू होईलच असं नाही, विचारून घ्या. शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, तिकीट काढा, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

तरण्या पोरांसाठी: थायलंडच्या फुकेतला स्कूटी भाड्यानं घेता, लायसन कोणाकडं बरोबर नसते, पडले की क्लेम नाही. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळते, एक वर्ष चालते, पण ते तुमच्या लायसनवर जी गाडी आहे तिच्यापुरतंच. चारचाकीच्या लायसनवर दुचाकी चालवू नका. दारू पिऊन झालेला अपघातही बाहेर. पॅरासेलिंग, स्कुबा, बंजी हे अ‍ॅडव्हेंचरमध्ये येते, त्याचं अ‍ॅड-ऑन वेगळं घ्यावं लागते. नेपाळातल्या मुक्तिनाथला जाणाऱ्यांनीही पाहा, ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि काही पॉलिसीत उंचीची मर्यादा असते, हेलिकॉप्टरनं खाली आणायची वेळ आली तर तीच ओळ शोधावी लागते.

बॅगेचं कव्हर मी शेवटी पाहतो. बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट लिहून घ्या, तो नसंल तर पुढं काही होत नाही. सोनं, रोख, लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकू नका, त्याचे पैसे बहुतेक मिळत नाहीत. सांडगे-लोणच्याचे तर नाहीच नाही.

टूरवाल्यानं इन्शुरन्स काढला म्हणत असंल तर तुमच्या नावाचं आणि पासपोर्ट नंबरचं सर्टिफिकेट मागा, "ग्रुपचा आहे" म्हणून टाळू देऊ नका. तिकीट बुक करताना जे छोटं टिकमार्क असते इन्शुरन्सचं, ते बरेचदा उशीर आणि बॅगेपुरतंच असते, त्याला पॉलिसी समजू नका.

तिकडं काही झालंच तर आधी जीव. अमेरिकेत 911, युरोपात 112. मंग लगेच कंपनीच्या असिस्टन्स नंबरवर फोन, कॅशलेस, म्हणजे दवाखान्याचं बिल कंपनीनं परस्पर भरणं, त्यांच्या होकाराशिवाय होत नाही आणि उशिरा कळवलं तर वाद होतात. 1800 वाला नंबर बाहेरून बहुतेक लागत नाही, म्हणून प्लस 91 वाला किंवा त्या देशातला नंबर आणि ईमेल आधीच शोधून ठेवा, कागदावर लिहून काकूच्या पर्समध्ये, एक फोटो पोराच्या फोनमध्ये. बिलं ओरिजिनल, डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, चोरी असंल तर पोलिसांचा रिपोर्ट. बोर्डिंग पास फेकू नका, कारण युरोपात ऑक्टोबर 2025 पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी डिजिटल नोंद सुरू झाली आहे आणि प्रवास केल्याचा पुरावा मागितला की शिक्का दाखवायला नसते.

क्लेम नाकारला तर गप बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, मराठीत दिलं तरी द्या. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, आयआरडीएआयचं, बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन 155255. महिनाभर वाट पाहून बीमा लोकपालाकडं जाता येते, तिथं फी नाही, वकीलही लागत नाही, 50 लाखापर्यंतचा दावा चालते आणि कंपनीनं नाही म्हटल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागते. वर्ष लवकर जाते, म्हणून नकाराचं पत्र आलं त्याच दिवशी त्याच्यावर तारीख टाकून ठेवा.