वावर गेलं, निवेदनही गेलं: भजनी मंडळांनो, या चुका टाळा

आमच्या मंडळाची पहिली नागपूर वारी सपशेल फसली. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन होतं. यशवंत स्टेडियमपासून मोर्चा निघाला. हातात खंजऱ्या, डोक्यावर भगव्या टोप्या. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांनी अडवलं, तिथंच रस्त्यावर बसून आम्ही भजन धरलं. तासाभराने पाच जणांना आत नेलं. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाने निवेदन चाळलं. अकरा मागण्या होत्या. त्याने शांतपणे विचारलं, "यातली पहिली कोणती?" आम्ही पाच जणांनी पाच उत्तरं दिली. त्याने कागदावर शिक्का मारला आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा विधिमंडळ आपल्या विदर्भात येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा यांचा वारसा सांगणारी मंडळं गावोगावी आहेत. माणसं जमवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. मग अडतं कुठे? माझ्या मते भक्ती कमी पडत नाही, दार चुकतं.

सगळं एकाच निवेदनात कोंबणं

त्या अकरा मागण्यांत पहिली होती कापसाच्या हमीभावाची. हमीभाव ठरवतं केंद्र सरकार. त्यासाठी नागपुरात बसून उपयोग नव्हता. उलट सावकारी आणि शेतकऱ्यांची कर्जमुक्ती हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत येतात, नोंद क्रमांक 30. बाजार समित्यांचा 1963 चा कायदाही राज्याचाच. दुसऱ्याचं वावर, म्हणजे शेत, मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) करणाऱ्याचा प्रश्न असेल तर विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळकायदा आहे, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. मागणी कोणाच्या अखत्यारीत येते ते आधी बघा, मग शिदोरी बांधा.

कायदा आहे की नाही, हे न पाहता "कायदा करा" म्हणणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका गुरुवारी सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर एक म्हातारी माय आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने घडी पडून फाटायला आलेला कागद काढला. खरेदीखत होतं. "म्या वावर इकलंच नाही बाप्पा," ती म्हणाली, "गहाण ठेवलं होतं." सावकारी अशीच चालते. गहाणखत कोणी करत नाही. सरळ विक्री दाखवायची आणि पैसे फिटले की परत लिहून देतो असं तोंडी सांगायचं. पैसे फिटले तरी वावर परत मिळत नाही, कारण सातबारावर केव्हाच दुसरं नाव चढलेलं असतं.

आमच्यातला एक तरुण उसळून म्हणाला, "सावकारांवर कडक कायदा झाला पाहिजे!" अहो, कायदा आहे. 1946 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2014 मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसा असो की धान्य, व्याजाने दिलं की ते कर्जच. कलम 18 तर नेमकं या मायसाठीच लिहिल्यासारखं आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन बळकावल्याचं चौकशीत सिद्ध झालं, तर नोंदणीकृत खरेदीखतसुद्धा रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतात. या कायद्यापुरते जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था; अर्ज त्यांच्याकडेच करायचा. तालुक्याला सहायक निबंधक बसतात. आमदाराच्या घरी चकरा मारायचं कारण नाही.

पण मग कागदावरची तारीख पाहिली. व्यवहाराला सतरा वर्षं झाली होती आणि कलम 18 अर्जापासून मागच्या पंधरा वर्षांतल्याच व्यवहारांना लागू होतं.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या बाकी सहा जणांचे व्यवहार पंधरा वर्षांच्या आतले होते. त्यांचं काम कार्यालयात होण्यासारखं होतं. मायचं काम मात्र विधिमंडळातच होऊ शकत होतं, कारण तिथं कायद्यातच फट होती. पुढच्या निवेदनात एकच मागणी गेली: कलम 18 मधली पंधरा वर्षांची मुदत वाढवा. सोबत खरेदीखताची प्रत आणि मायचं अंगठ्याचं निवेदन.

तुमच्या गावची तक्रार अशीच चाळून घ्या. कायदा नाही, कायदा आहे पण पाळला जात नाही, की कायद्यात फट आहे? तिन्हींचे दरवाजे वेगळे. आणि शासन निर्णयाला, म्हणजे जीआरला, कायदा समजू नका. जीआर खात्याच्या सहीने निघतो आणि तसाच बदलतो. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची मदत जीआरवरच चालत आली आहे.

व्यासपीठावरून सावकाराचं नाव घेणं

कीर्तन रंगात आलं की मोह होतो. आवरा. एक तर बदनामीचा दावा मागे लागतो, दुसरं म्हणजे साक्ष देणारे कर्जदार घाबरून घरात बसतात. नावं अर्जात लिहा.

याच्याच पोटातली एक अवघड गोष्ट आहे. सप्ताहाच्या महाप्रसादाची पंगत बऱ्याचदा तोच माणूस देतो. आमच्याकडे यावरून दोन रात्री भांडण झालं. शेवटी ती पंगत नाकारली आणि घरोघरी पायली-पायली धान्य गोळा केलं. भाजीला तेल कमी पडलं, पण दुसऱ्या दिवसापासून लोक बोलायला लागले.

एकाच मंडळाच्या लेटरहेडवर जाणं

कर्ज बौद्ध विहारात वंदनेला जाणाऱ्याला आहे, दर्ग्यावर जाणाऱ्यालाही आहे. निवेदन फक्त भजनी मंडळाचं असलं की अर्धं गाव सही करत नाही, आणि त्यांचं चूक नाही. आम्ही मसुदा आधी विहारात वाचून दाखवला. तिथल्या एका बाईने आमच्या तीन चुका काढल्या.

दानपेटीचे पैसे मोर्च्याच्या गाडीभाड्याला वापरू नका. नोंदणीकृत न्यासाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. गाडीची वर्गणी वेगळी काढा, वेगळी लिहा. आणि निवडणुकीच्या दिवसांत देवाची आण घालून मतं मागू वा मागू देऊ नका. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मध्ये भ्रष्ट आचरण ठरतं.

अधिवेशन सुरू झाल्यावर जागं होणं

तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, सूचना आमदारांना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. दिवाळीआधीच भेटा. लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी, अधिवेशन चालू असताना देता येते, पण तेव्हा आमदारांच्या टेबलावर कागदांचा ढीग असतो. आमदाराला अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडायला सांगणार असाल तर एक लक्षात घ्या: सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते पुढे सरकत नाही, राज्यघटनेचं कलम 207. मुदत वाढवण्यासारखी दुरुस्ती त्या मानाने हलकी. म्हणूनही आम्ही तीच धरली.

मंत्री सभागृहात "तपासून घेऊ" म्हणाले की टाळ्या वाजवून घरी येऊ नका. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीतलं ते वाक्य तारखेसह उतरवून ठेवा.

आमच्याकडे त्यासाठी एक वही आहे, खंजऱ्यांच्याच पेटीत. प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक, तारीख, कोणाच्या हातात दिलं. दर गुरुवारी प्रार्थना संपली की माय ओट्याच्या कडेला बसते आणि विचारते, "त्या पंधराचं काय झालं बाप्पा?" मग कोणीतरी वही उघडतो आणि शेवटची नोंद मोठ्याने वाचतो.