कमी किमतीचा लॅपटॉप निवडताना: नंतर बदलता न येणारे भाग आधी तपासा

तीस ते पंचेचाळीस हजार रुपयांच्या दरम्यानच्या लॅपटॉपांची तुलना बहुधा तीनच गोष्टींवर होते: प्रोसेसरचे नाव, रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) किती जीबी आणि एसएसडी (फायली साठवणारा भाग) किती जीबी. हे तपशील जाहिरातीत आणि खोक्यावर ठळक छापलेले असतात. त्यामुळे किंमत खाली आणताना कंपनीची काटकसर सहसा तिथे होत नाही. ती होते पडद्यात, बिजागरीत, बॅटरीत आणि आवरणाच्या प्लास्टिकमध्ये. म्हणून तुलना करताना प्रत्येक भागाबद्दल एक प्रश्न विचारावा: हा भाग दोन वर्षांनी स्वस्तात बदलता येईल का? ज्याचे उत्तर ‘नाही’ येते, त्यावर आज पैसे खर्च करणे हिताचे असते.

एसएसडी बदलता येते. मोकळी खाच (स्लॉट) असल्यास रॅम वाढवता येते. स्क्रूने बसवलेली बॅटरीही दुरुस्ती करणारा थोड्या वेळात बदलून देतो. याउलट पडदा, बिजागरी, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट पटलावर) डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पक्की केलेली रॅम आणि प्रोसेसर हे आयुष्यभराचे सोबती असतात. पुष्कळ स्वस्त मॉडेलांत कीबोर्ड वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो, त्यामुळे एक कळ बिघडली तरी आवरणासकट सगळा भाग घ्यावा लागतो.

पडद्याचे रिझोल्यूशन १९२०×१०८० पेक्षा कमी असेल, तर तो लॅपटॉप तिथेच बाजूला ठेवावा. त्यानंतर पॅनेल (चित्र दाखवणारा पडद्याचा भाग) आयपीएस प्रकारचे आहे की टीएन, हे विचारावे. टीएन पॅनेल वरून किंवा खालून पाहिले की रंग उलटेसुलटे दिसू लागतात, आणि तासन्‌तास वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा त्रास होतो. स्वस्त पडद्यांच्या माहितीपत्रकात ‘२५० निट्स’ (पडद्याची उजळता) आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवू शकतो, याचे माप) हे शब्द हमखास भेटतात. लेखन, हिशेब आणि ऑनलाइन वर्ग यांना एवढे पुरते, मात्र छायाचित्रे किंवा डिझाइनचे काम करणाऱ्याने त्यावर समाधान मानू नये. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळे पॅनेल विकले जातात, हे ध्यानात ठेवावे. म्हणून नुसत्या नावावर न जाता खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर तपशील पाहावा. लेनोवोचे ‘पीएसआरईएफ’ हे माहितीस्थळ या कामासाठी उत्तम आहे.

बांधणीकडे मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण स्वस्त लॅपटॉप प्रोसेसर मंद पडल्यामुळे टाकून द्यावा लागण्याआधी बिजागरी तुटल्यामुळे निकामी होताना फार दिसतो. त्याचे कारण रचनेतच आहे. बिजागरी धातूची असते. परंतु तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लास्टिकच्या आवरणात रुतवलेले असतात. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडले, किंवा बिजागरी मुळातच फार घट्ट असली, की सगळा ताण त्या नटांवर येतो, भोवतालचे प्लास्टिक तडकते आणि शेवटी नट उपटून बाहेर येतो. झाकण ॲल्युमिनियमचे आहे, असे विक्रेता अभिमानाने सांगतो तेव्हा खालचे आवरण आणि कीबोर्डभोवतीचा भाग कशाचा आहे, हे विचारावे, कारण बऱ्याच लॅपटॉपांत धातू फक्त झाकणाला असतो आणि बिजागरीचा खालचा आधार प्लास्टिकमध्येच असतो.

दुकानात मांडलेल्या नमुन्यावर काही गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. झाकण मध्यभागी धरून सावकाश उघडावे. ते दोन्ही बाजूंनी सारखे वर आले पाहिजे, करकर आवाज येता कामा नये आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत आवरणाची फट रुंद होता कामा नये. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबावे. थोडे दबणे चालेल, पण आसपासच्या कळाही खाली जात असतील तर आतला आधार कमकुवत आहे. झाकणाच्या पाठीवर हलका दाब देऊन पडद्यावर लाटा उमटतात का, ते पाहावे. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसटीत पुस्तकांच्या दप्तरातून लॅपटॉप नेणाऱ्यासाठी ही चाचणी विशेष महत्त्वाची, कारण पडदा पडल्याने फुटतो तसाच दाबानेही फुटतो. चार्जरची पिन खोचून हलवून पाहावी. टाइप-सी पोर्टने चार्ज होणारा लॅपटॉप मिळत असेल तर त्याला झुकते माप द्यावे, कारण चार्जर बिघडल्यास दुसरा सहज मिळतो.

‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ हे अमेरिकी लष्करी मानकाचे नाव हल्ली स्वस्त लॅपटॉपांवरही दिसते. त्या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या, हे कंपनीच ठरवते. अमेरिकेचे संरक्षण खाते अशा लॅपटॉपांना प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे कोणत्या चाचण्या केल्या, हे सांगितलेले नसेल तर त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

प्रोसेसरच्या नावात फसगत होण्याचा धोका खरा आहे. एएमडी कंपनीच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक मूळ रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यात २०१९ सालच्या झेन २ रचनेचे चार कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे घटक) आहेत, तर दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम घेतो आणि ती डाग देऊनच बसवलेली असते, म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप कायमचा ८ जीबीचाच राहतो. इंटेलमध्ये आय३-१२१५यू हा सामान्य वापरासाठी अजूनही समाधानकारक आहे. सेलेरॉन एन४०२० असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्याच्या दोन कोरांवर आजचा ब्राउझरसुद्धा अडखळतो. एसएसडीऐवजी ईएमएमसी (तिच्याहून मंद प्रकारची) साठवण असलेल्या लॅपटॉपबाबतही हाच सल्ला आहे.

रॅमची मोकळी खाच आहे का, हे दुकानात चालू लॅपटॉपवर पाहता येते: टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक केले की किती खाचा वापरात आहेत, ते दिसते. हा आकडा नेहमीच बरोबर असतो असे नाही, म्हणून कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेशी तो जुळवून घ्यावा.

याच किमतीत वापरलेला पण नूतनीकरण केलेला (रिफर्बिश्ड) व्यावसायिक श्रेणीचा लॅपटॉप हा एक गंभीर पर्याय आहे. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड किंवा एचपी एलिटबुक यांसारखे लॅपटॉप कार्यालयांतील रोजच्या वापरासाठी घडवलेले असतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यांची मोठी उलाढाल चालते. बांधणीत ते नव्या स्वस्त लॅपटॉपांना मागे टाकतात; टी४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत. परंतु विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या जवळपास सर्व प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सातव्या पिढीचा लॅपटॉप, लिनक्स वापरणार नसाल तर, स्वस्त असूनही टाळावा. बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता दाखवणारा विंडोजचा अहवाल विक्रेत्याकडून समोर काढून घ्यावा आणि नवी बॅटरी लागणार असेल तर तिची किंमत सौद्यातच धरावी.

किमतीची तुलना करताना छापील किमतीवर मिळणारी सूट विसरावी आणि वापराच्या वर्षांनी भागाकार करावा. ३४,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे टिकला तर वर्षाला सुमारे ११,३३३ रुपये पडतात. ४२,००० रुपयांचा पाच वर्षे टिकला तर ८,४००. किती वर्षे टिकेल, याचा अंदाज अर्थातच वर सांगितलेल्या तपासणीवरून बांधायचा आहे. वाढीव वॉरंटीचा खर्चही यात धरावा, मात्र तिच्यात बिजागरी व आवरणाचे तडे येतात का, हे लेखी विचारावे, कारण अनेकदा ते ‘ग्राहकाने केलेले नुकसान’ म्हणून नाकारले जातात. व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर नोंदणी क्रमांक टाकलेले बिल घ्यावे, म्हणजे नियमांनुसार १८ टक्के कराचे श्रेय घेता येते.

खोके उघडण्यापूर्वी त्यावरील निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष वाचावे, ऑनलाइन मागवले असल्यास उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि अनुक्रमांक बिलाशी पडताळून पाहावा. त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख तपासावी. ती खरेदीऐवजी माल कंपनीतून निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली आढळल्यास बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.